मोडी कागदांतील अदृश्य कंस : एक थ्रेड

रोह्यासमोर, कुंडलिका नदीच्या दुसऱ्या तीरावर, अष्टमी नावाचे गाव आहे. नगरपरिषदेच्या नावात आजही ही दोन्ही गावे जोडीने नांदतात : रोहा अष्टमी. आता कल्पना करावी की एखाद्या जुन्या मोडी पत्रातील ‘अष्टमीस माणसे जमा करावी’ एवढीच ओळ हाती लागली आहे. माणसे गावी जमा करायची, की तिथीला? मराठीतील ‘स’ हा प्रत्यय स्थळालाही लागतो आणि काळालाही. येथे अक्षरे सगळी लागली, शब्द सगळे ओळखीचे निघाले, व्याकरणातही काही खोट नाही. तरीही ओळ वाचून झाली असे म्हणता येत नाही.

तरुण इतिहासप्रेमींमध्ये मोडी शिकण्याचा उत्साह गेल्या काही वर्षांत वाढला आहे आणि तो स्वागतार्हच आहे. मात्र त्याबरोबर एक समजही पसरला आहे : मुळाक्षरांचा तक्ता पाठ झाला, बाराखडी हाताखालून गेली, की कागद वाचता येतो. हा समज घातक आहे. पेण-रोह्याकडच्या घरांतून निघालेल्या कागदांची छायाचित्रे ‘पुरावा’ म्हणून फिरू लागली की तो किती घातक आहे हे दिसते. अक्षर लागणे हा वाचनाचा पहिला टप्पा. खरा घोळ दुसऱ्या टप्प्यावर होतो. तो टप्पा नेमका कोणता, हे समजून घेण्यासाठी एक अगदी दूरचे वाटणारे उदाहरण उपयोगी पडते, ते म्हणजे संगणकाच्या भाषेचा ‘रीडर’.

जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प या भाषेवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. या भाषेत प्रत्येक विधान कंसात लिहितात आणि कंसाच्या पोटात आणखी कंस असू शकतात. माणसांसाठी अधिक सोयीची अशी दुसरी लेखनपद्धतीही मॅकार्थींच्या मनात होती. पण प्रोग्रामर कंसांनाच सरावले आणि ती दुसरी पद्धत मागे पडली. या भाषेची यंत्रणा तीन कामे एकामागून एक करते : वाचणे, अर्थ काढून कृती करणे, उत्तर छापणे. पहिले काम रीडरचे. तो मजकूर एकेक अक्षर पुढे सरकत वाचतो. रिकामी जागा किंवा कंस आला की त्याआधीची अक्षरे मिळून एक शब्द, म्हणजे टोकन, झाले असे तो ठरवतो. उघडता कंस दिसला की नवी यादी सुरू करतो. बंद होणारा कंस दिसला की सर्वांत शेवटी उघडलेली यादी मिटवतो. मजकूर संपला आणि एखादा कंस उघडाच राहिला, तर तो अंदाज बांधत नाही. मजकूर अपुरा आहे असे सांगून थांबतो.

या व्यवस्थेत एक शहाणपण आहे. रीडर मजकुराची रचना उभी करतो, पण तिच्याविषयी मत देत नाही. कोणता शब्द कोठे संपतो, कोणते वाक्य कोणाच्या पोटात आहे, एवढेच त्याचे काम. विधान खरे की खोटे, आज्ञा पाळायची की नाही, हा विचार पुढच्या टप्प्याचा. लहानसहान चिन्हांबाबत तर तो कमालीचा काटेकोर असतो. आजच्या कॉमन लिस्पमध्ये ‘+१’ म्हणजे एक ही संख्या, पण ‘१+’ हे एका क्रियेचे नाव. टिंब आकड्यांच्या मधोमध आले तर ते दशांशचिन्ह. दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून आले तर ते जोडीची खूण. चिन्ह तेच, शेजार बदलला की काम बदलते.

मोडीचा कागद समोर धरला की या यंत्राच्या सगळ्या सवलती एकदम नाहीशा होतात. लेखक आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरे लटकवीत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार बहुधा गळलेला. शब्द कोठे तोडायचा हे पूर्णपणे वाचणाऱ्यावर. शिवाय एकाच चिन्हाला अनेक कामे. दोन दंडांची ‘॥’ ही खूण ‘मौ॥’ अशी आली तर ती ‘मौजे’चा संक्षेप दाखवते, ‘१२॥’ अशी आली तर साडेबारा, पोथीत श्लोकाच्या शेवटी आली तर समाप्ती. लिस्पच्या टिंबाची ही कोकणी भावंडेच म्हणायची.

तरीही जुने कारकून गोंधळत नसत, कारण कागदाला स्वतःचे नियम होते. गावाच्या नावाआधी ‘मौजे’ किंवा ‘कसबे’, विभागाआधी ‘तर्फ’ किंवा ‘प्रांत’, तिथीआधी ‘शुद्ध’ किंवा ‘वद्य’. पुढे येणारा शब्द कोणत्या जातीचा आहे हे सांगणाऱ्या या खुणा आहेत. ‘मौजे अष्टमी’ लिहिले की तिथीचा प्रश्न मिटला. ‘वद्य अष्टमीस’ लिहिले की गावाचा. पेणच्या नावातही हीच गंमत आहे. जुन्या मराठीत ‘पेणे’ म्हणजे प्रवासातला मुक्काम. ‘कसबे’ ही खूण सोडून केवळ नावावर झडप घालणारा वाचक एखाद्या मुक्कामाला पेण शहर बनवून टाकू शकतो.

वर्षाची नोंद तर सरळसरळ गणिती पदावली असते. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार. लिस्पमध्ये हेच (+ ४ ७० १०० १०००) असे लिहिले जाईल. उत्तर ११७४, जून ते डिसेंबर या महिन्यांसाठी त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३. बेरजेचे चिन्ह कागदावर कोठेच नाही. ते वाचणाऱ्याने मनात धरायचे. आणि ‘ैन’ हा शेवट दशकाचा आहे हे ओळखायचे. तो शेवट चुकून शेजारच्या शब्दाला लावला, तर ‘अर्बा सबैन’चे ‘सबा अर्बैन’ सारखे काहीतरी होते. म्हणजे ७४ चे ४७. सत्तावीस वर्षे मागे! सन १७७३ मध्ये मारले गेलेले नारायणराव पेशवे त्या चुकीच्या वर्षी, १७४६ साली, जन्मलेलेही नव्हते.

जुन्या लेखकांना अशा चुकांची जाणीव होती, याचा उत्तम दाखला रोह्याजवळच्या अवचितगडावर आहे. तेथील शिलालेखात शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा अशी नोंद आहे. म्हणजे १७९६ सालचा गुढीपाडवा. आकडा दिलेला असताना संवत्सराचे नाव कशाला? हौस म्हणून नव्हे. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की उरलेली बाकी संवत्सराचा क्रमांक देते. १७१८ अधिक १२ म्हणजे १७३०, बाकी ५०, आणि प्रभवापासून मोजल्यास पन्नासावे संवत्सर नल, म्हणजेच नळ. आकडा व नाव एकमेकांची साक्ष देतात. झिजलेल्या दगडावर कोणी १७१८ चे १७९८ वाचले, तर बाकी १० येते, संवत्सर धाता निघते आणि चूक जागीच पकडली जाते. कुलूप मात्र सर्वशक्तिमान नाही : १७१८ ऐवजी १७७८ वाचले तर बरोबर साठ वर्षांचा फरक पडून संवत्सर पुन्हा नळच येते. झिजलेल्या ‘१’ आणि ‘७’ यांच्याकडे दोनदा पाहावे ते यासाठी.

हाच हिशेब शेजारच्या अलिबाग तालुक्यातील अक्षीच्या प्रसिद्ध शिलालेखाला लावता येतो. त्याच्या वाचनावरून अभ्यासकांत वाद झाले आहेत. रूढ वाचन शके ९३४ आणि ‘प्रधावी’ संवत्सर असे आहे. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, बाकी ४६, सेहेचाळिसावे संवत्सर परिधावी. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत करता येण्याजोगी ही तपासणी आहे. मराठीतील सर्वांत जुन्या लेखाविषयी हिरिरीने भांडणाऱ्यांपैकी किती जण ती करतात, हे विचारू नये.

आता शब्दांकडून वाक्याकडे. पेणच्या मिठागरांवरून घाटावर जाणाऱ्या मालाचा एखादा हुकूम कल्पावा : ‘मिठाच्या गोणी वीस बैलांवर लादाव्या’. गोणी वीस, की बैल वीस? जमाखर्चाच्या मराठीत संख्या नामानंतर येते, ‘नारळ १०’ किंवा ‘भात खंडी २०’ अशी. त्यामुळे ‘गोणी वीस’ हा गट पूर्णपणे शास्त्रशुद्ध. बोलीच्या मराठीत संख्या आधी येते. म्हणून ‘वीस बैल’ हाही गट तितकाच शुद्ध. दोन अधिक तीन गुणिले चार याचे उत्तर वीस की चौदा, हा शाळेतला पेच येथे मिठाच्या गोणींवर बसून आलेला आहे. शाळेत गुणाकार आधी करावा असा नियम ठरवून तो सोडवला. संगणकाला हाच नियम शिकवण्यासाठी डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६१ साली जी रीत मांडली, तिला रेल्वेच्या शंटिंग यार्डाचे नाव पडले : क्रियेची चिन्हे बाजूच्या रुळावर थांबवून ठेवायची आणि पाळी आली की मुख्य रुळावर सोडायची. मध्य रेल्वेचा मार्ग संपून कोकण रेल्वे जेथून सुरू होते त्या रोह्याच्या वाचकाला ही उपमा फोड करून सांगावी लागू नये. मोडी हुकूम वाचणाराही ‘वीस’ हा डबा असाच बाजूला थांबवतो आणि पुढचा मजकूर पाहून तो कोणत्या गाडीला जोडायचा ते ठरवतो.

परंतु या सगळ्यांपेक्षा गंभीर चूक कंसांची आहे. वतनाच्या तंट्यातील कागद साधारण एका साच्याने चालतो. अमक्याने हुजूर येऊन विदित केले ‘की’, येथून त्याचे म्हणणे सुरू होते. आपले वतन पुरातन, वडिलांपासून चालत आले, मध्यंतरी भाऊबंदांनी खलेल केला, असे ते ओळींमागून ओळी चालते. मग येते ‘म्हणोन’. त्यानंतर ‘त्यावरून मनास आणून’ आणि मग कोठे सरकारचा निर्णय. ‘की’ हा उघडता कंस आहे आणि ‘म्हणोन’ हा बंद होणारा. आत्म्याराम बोलला असे पहिल्या ओळीत असेल, तर पुढच्या पंधरा ओळी आत्म्यारामाच्या आहेत, सरकारच्या नाहीत. कित्येकदा तर ‘की’सुद्धा लिहिलेला नसतो, आलेल्या पत्रातील मजकूर थेट सुरू होतो आणि तो कोणाचा होता हे ‘म्हणोन लिहिले’ येथे पोहोचल्यावर उमगते. मराठीत अवतरण मिटवणारी खूण पक्की, उघडणारी ऐच्छिक. वाचणाऱ्याला मागे जाऊन कंस स्वतः उघडावा लागतो.

लिस्पमध्ये यासाठीच अवतरणाची खूण आहे. विधानापूर्वी ती एक लहानशी रेघ दिली की अर्थ होतो : हे जसेच्या तसे ठेव, याची अंमलबजावणी करू नकोस. खूण गाळली तर यंत्र त्या मजकुराला आज्ञा समजते. वादीच्या तक्रारीतील चार ओळी कापून ‘पेशव्यांनी आमचे वतन मान्य केले’ अशा मथळ्याखाली मिरवणारा उत्साही नेमकी हीच चूक करतो. कागद अस्सल, अक्षरे बिनचूक, आणि निष्कर्ष मुळापासून उलटा. कारण निवाडा कदाचित त्याच्या विरुद्ध गेलेला असतो आणि तो छायाचित्राच्या कडेबाहेर राहिलेला असतो.

याची किंमत केवळ अभिमानाची नाही. आंग्रे, पेशवे, सिद्दी आणि मग इंग्रज अशा सत्तांखालून गेलेल्या या मुलखात जमीन, खाजण, पाणी यांच्या हक्कांची मुळे मोडी कागदांत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तर मोडी वाचणाऱ्यांना राज्यभर मागणी आली. रकान्यातील एका संक्षेपाचा विस्तार काय करायचा, यावर जेथे एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो, तेथे ‘मला अक्षर लागले’ हे उत्तर पुरेसे नाही. संक्षेप कोणत्या रकान्यात आहे, वरच्या नोंदीत तोच शब्द पूर्ण लिहिलेला आहे का, त्याच कारकुनाच्या हातची दुसरी पाने काय सांगतात, हे त्यासोबत आले पाहिजे. वाचन बाजूने गेले काय किंवा विरुद्ध गेले काय, ही मागणी तीच राहते.

‘ध चा मा’ या आख्यायिकेने या बाबतीत मराठी मनाची एक दिशाभूल केली आहे. रघुनाथरावांच्या पत्रातील ‘धरावे’चे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही गोष्ट ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासापासून छापील रूपात फिरते आहे. खाडाखोड केलेले ते मूळ पत्र मात्र उपलब्ध नाही. दोष एका अक्षराचा आणि एका स्त्रीचा, अशी ती सोयीची मांडणी आहे. ती क्षणभर खरी मानली तरी तिच्यातून वेगळेच काही दिसते. जुन्या लेखनपद्धतीने वर्षाला संवत्सराचा जोड दिला, रकमेला आकडा आणि अक्षर असे दुहेरी कुलूप घातले, कागदाच्या सांध्यावर मागून शिक्का मारला. आज्ञेच्या क्रियापदाला मात्र कोणताच जोडीदार दिला नाही. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ दोन्ही शुद्ध, दोन्ही जागेवर बसणारी. रचना तपासणारा कोणताही रीडर, यंत्राचा असो वा माणसाचा, तेथे अडखळणार नाही. अक्षरांतली लबाडी वाचनाने पकडता येतेच असे नाही. कंसांतली पकडता येते. आणि रोज घडणाऱ्या चुका कंसांच्या आहेत.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. भारतीय भाषांनी आपापल्या लिपीबरोबर नागरीचाही स्वीकार करावा हा त्यांचा आग्रह, आणि त्यांच्याच प्रेरणेने १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद उभी राहिली. तो आग्रह जिवंत भाषांना जवळ आणण्यासाठी होता. मोडीच्या बाबतीत मात्र नागरीत उतरवणे म्हणजेच वाचणे, अशी गल्लत त्याच वाटेने शिरली आहे. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला स्थान मिळाले. आता यंत्रेही मोडी अक्षरे ओळखू लागली आहेत. ही साधने हवीतच. पण त्यांच्यामुळे मिळते ते शब्द न तोडलेल्या अक्षरांचे नागरी रूप; म्हणजे रीडरच्या दारात येऊन उभा राहिलेला कच्चा मजकूर.

अनुभवी वाचक यावर म्हणतील की संदर्भाने सगळे कळते, आणि नवशिक्यांपुढे एवढे नियम ठेवले तर ते पळून जातील. पहिले म्हणणे खरे आहे, पण ते अनुभवी वाचकापुरते. फिरणाऱ्या छायाचित्रासोबत तो वाचक फिरत नाही. दुसरे म्हणणे तरुणांना कमी लेखणारे आहे. जी मुले कंस जुळला नाही म्हणून प्रोग्राम चालत नाही हे रात्रभर जागून शोधतात, त्यांना ‘म्हणोन’ कोठे आहे ते शोधणे जड जाणार नाही.

म्हणून मोडी वाचन प्रसिद्ध करणाऱ्याने तीन गोष्टी दाखवाव्यात. मूळ ओळ सलग, जशी आहे तशी. तिच्याखाली तोडलेली ओळ, विस्तारलेले संक्षेप चौकोनी कंसात. आणि दुसऱ्याचे म्हणणे जेथे सुरू होते व संपते तेथे अवतरणचिन्हे, ती वाचणाऱ्याने घातली आहेत असे स्पष्ट सांगून. जेथे दोन वाचने संभवतात तेथे दोन्ही द्यावीत : ‘अष्टमीस [गावी / तिथीस]’. जागा फाटलेली असेल तर ती रिकामीच ठेवावी. माणसाचा मेंदू रीडरसारखा थांबत नाही, तो भोक बुजवून पुढे जातो; नंतर बुजवलेला भागही कागदाचाच वाटू लागतो.

आणि घरातले दप्तर उघडले असेल तर छायाचित्र संपूर्ण बंदाचे घ्यावे, पाठीमागच्या बाजूसह. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटलेली असते : लेखनाची मर्यादा येथे आहे, यापुढे लिहिलेले या पत्रातले नव्हे. पेशवाईच्या कागदांत तेच काम मोर्तब करते. तो शेवटचा बंद कंस आहे आणि तो कागदाच्या अगदी तळाशी असतो. फोनवर ओळ मोठी दिसावी म्हणून सर्वांत आधी कापला जातो तो नेमका तोच भाग.